आधी कागदावर, मग संगणकावर

ओएलईडीतल्या विजेचं आणि उष्णतेचं गणित मांडायला बसलेल्या पोरांनो, एवढं कानात साठवून ठेवा. मला हे चुकत-माकतच कळलं.

तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. ओएलईडीतल्या सेंद्रिय अर्धवाहकाची तऱ्हा उलटी. त्यात विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो आणि उष्णता त्या उडीला बळ देते. करंटने तापमान चढतं, तापमानाने करंट. म्हणून विजेचं आणि उष्णतेचं, दोन्ही समीकरणं एकत्रच सोडवा.

संगणक उघडण्याआधी अख्खं उपकरण एक ठिपका समजा आणि अऱ्हेनियसचा नियम लावून कागदावर गणित करा. त्या उडीला लागणारी सक्रियण ऊर्जा किती, ते पाहा. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले भोवतालचं तापमान, त्याच्या चौपटीहून ती जास्त असली तर आलेख मागे वळतोच: करंट वाढतो, व्होल्टेज उतरतं. ३०० केल्विनला ही मर्यादा साधारण १०३ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. ऊर्जा २०० असेल, तर भोवतालापेक्षा सुमारे ५४ अंश जास्त तापल्यावर वळण येतं. मात्र ही ऊर्जा मोजताना करंट कमी आणि पल्स छोटी ठेवा, नाहीतर नमुना स्वतःच तापून आकडा बिघडवतो.

या वळणानेच माझे आठ दिवस खाल्ले. मी व्होल्टेज पायरी-पायरीने वाढवत होतो, सॉल्व्हर एकाच जागी कोसळत होता आणि मी कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. तिथून पुढच्या व्होल्टेजला जवळपास उत्तरच नव्हतं. म्हणून करंट पुढे न्या, व्होल्टेज अज्ञात ठेवा. प्रयोगशाळेतही करंटच बांधून ठेवा. व्होल्टेज बांधलंत, तर वळणावर नमुना जळेल.

मेशपेक्षा सीमेवर डोकं चालवा. सेंद्रिय थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा. चौरस मीटरला १,००० वॅट उष्णता गेली, तरी थराच्या आरपार तापमानात अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. तीच उष्णता एका बाजूने साध्या हवेत सोडायची, तर थराखालची काच हवेपेक्षा शंभरेक अंश जास्त तापते. हवेत उष्णता जाण्याचा गुणांक अंदाजाने ठोकलात, तर बाकीची अचूकता वाया.

मोठं पॅनेल मात्र ठिपका नव्हे. पारदर्शक इलेक्ट्रोडचा रोध आडवा येतो आणि करंट सगळीकडे सारखा वाटला जात नाही. एकूण करंट वाढत असताना पॅनेलचा एखादा भाग मंदावतो. ड्रेस्डेन आणि बर्लिनच्या संशोधकांनी हे आधी गणितात पाहिलं, २०२० साली प्रयोगातही दाखवलं. तेव्हा विचित्र उत्तर आलं की लगेच खोडू नका.

त्याआधी जमाखर्च मांडा. आत गेलेली वीज म्हणजे बाहेर पडलेला प्रकाश अधिक सीमेवरून गेलेली उष्णता. हा हिशेब जुळेपर्यंत रंगीत चित्रं कुणाला दाखवू नका.