ओढ्याकाठच्या पडक्या गिरण्या

प्रश्न : आयर्लंडच्या खेड्यांतून फिरताना ओढ्याकाठी पडक्या दगडी पाणचक्क्या फार दिसल्या. त्या किती जुन्या असतील? तिथे दळत काय? आणि सगळ्याच बंद का पडल्या?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला दिसल्या त्या बहुतेक १८व्या-१९व्या शतकातल्या. त्यांच्याहून हजार-बाराशे वर्षांनी जुन्या चक्क्याही तिथे आहेत, पण त्या चिखलाखाली. आयर्लंडची ओली जमीन लाकूड कुजू देत नाही, त्यामुळे ओकच्या तुळया, पन्हळी, चाकाची पाती जशीच्या तशी निघतात. ओकच्या वर्तुळांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगता येतं. डाऊन परगण्यात स्ट्रँगफर्डच्या खाडीत नेंड्रम नावाचा मठ होता. तिथली चक्की इ.स. ६१९च्या सुमाराची निघाली. ती चालायची भरतीच्या पाण्यावर. भरतीला बांधाआड पाणी कोंडायचं आणि ओहोटी लागली की चाकावर सोडायचं. भरतीवर चालणाऱ्या ज्या चक्क्या आजवर उत्खननात सापडल्या, त्यांतल्या सर्वांत जुन्यांत तिची गणना होते. कॉर्कजवळच्या लिटल आयलंडची चक्की इ.स. ६३०ची. अशा प्राचीन चक्क्यांची शंभराच्या वर ठिकाणं माहीत आहेत.

त्यांची रचना अगदी साधी. चाक आडवं, पाती पळीसारखी खोलगट. ओकच्या खोडात कोरलेल्या निमुळत्या पन्हळीतून पाण्याची धार पात्यांवर आदळते, चाक फिरतं आणि त्याच दांड्यावर बसवलेली वरची तळी फिरते. दातेरी चाकं नाहीतच. पाण्याचं चाक एकदा फिरलं की तळीचाही एकच फेरा. औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, मात्र आयर्लंडची परंपरा तिच्याहून हजार वर्षांनी जुनी आहे.

मला यंत्रापेक्षा कायदा जास्त नवलाचा वाटतो. ७व्या शतकातल्या आयरिश कायद्यात चक्कीच्या पाटाच्या पाण्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. चक्कीला पाणी आणायचं तर पाट शेजाऱ्याच्या शेतातून जाणार, आणि शेजारी अडवणार. बांधावरून भांडण कोणत्या देशात होत नाही? कायद्याने तोडगा काढला तो असा : शेजाऱ्याने पाट अडवायचा नाही, पण त्याला मोबदला मिळेल, नाहीतर चक्कीत वाटा. वाटा म्हणजे ठरलेल्या दिवशी दळणाची पाळी. त्यामुळे चक्की एका मालकाची असायचीच असं नाही. पाट ज्यांच्या रानातून गेला त्यांचीही असायची. हातजात्यावर राबणाऱ्या प्रियेचे कष्ट वाचावेत म्हणून राजा कॉर्मकने चक्की बांधायला समुद्रापलीकडून कारागीर आणला, अशी दंतकथा आयरिश लोक सांगतात. दंतकथा गोड आहे, पण श्रेय मी त्या कायदा करणाऱ्यांनाच देईन.

१२व्या शतकात नॉर्मन आले आणि चित्र पालटलं. उभी चाकं आणि दातेरी चाकांची जोडणी वाढली, पण चक्की जहागीरदाराची झाली. कुळाने त्याच्याच चक्कीवर दळायचं आणि दळणाचा काही हिस्सा तिथेच ठेवायचा, अशी सक्ती आली. पश्चिमेच्या गरीब भागात मात्र आडव्या चाकाच्या चक्क्या १९व्या शतकापर्यंत तग धरून होत्या.

आता दळत काय. मुख्यतः ओट. आयर्लंडच्या पावसात धान्य कधीच नीट वाळत नाही, म्हणून ओट चक्कीवर आला की आधी भट्टीवर जायचा. भोकं पाडलेल्या फरशीवर धान्य पसरायचं आणि खालून पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, जाळ. मग तळ्यांमध्ये जास्त अंतर ठेवून टरफल काढायचं, वारवायचं आणि मगच दळायचं. तळ्यांना मधूनमधून टाकी लावावी लागे, हे तुमच्या आजीला सांगायला नको. पडक्या चक्कीशेजारी धुराड्याची खोली दिसली असेल, तर ती हीच भट्टी.

पण सगळ्या चक्क्या पिठाच्या नव्हत्या. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये पाण्यावर अळशीची खोडं कुटून लिननचे धागे मोकळे करत, आणि कापडाला कुंदीही पाण्यावरच करत. टायरोन परगण्यातल्या वेलब्रुकला लाकडी हातोड्यांची अशी कुंदीची गिरणी जपून ठेवली आहे.

गव्हाच्या मोठ्या गिरण्या आल्या त्या सरकारी पैशामुळे. डब्लिनला पीठ वाहून आणणाऱ्यांना १७५८पासून वाहतुकीवर अनुदान मिळू लागलं, म्हणून आतल्या भागात गिरण्या उभारणं परवडू लागलं. बॉईन नदीकाठी स्लेनला १७६०च्या दशकात पाच मजली गिरणी झाली. १७७६मध्ये प्रवासी लेखक आर्थर यंग ती पाहून गेला.

बंद पडल्या त्या पाणी आटलं म्हणून नव्हे. १८४६ला परदेशी धान्याच्या आयातीवरचे संरक्षक कायदे रद्द झाले, मग अमेरिकेतून स्वस्त गहू-पीठ आलं आणि १८८०च्या दशकात पोलादी रुळांनी दळणाऱ्या गिरण्या बंदरांत बसल्या. पांढरं पीठ बंदरातूनच गावात जाऊ लागलं. गावची चक्की गुरांच्या खाद्यावर आणि ओटवर कशीबशी जगली. दुसऱ्या महायुद्धात आयात अडली तेव्हा तिला पुन्हा काम मिळालं, पण १९४६पासून खेड्यांत वीज जाऊ लागली आणि तेही संपलं.

पुढच्या वेळी पडकी नको, धडधाकट पाहायची असेल, तर डाऊनमधलं अॅनालाँग किंवा वेक्सफर्डमधलं क्रानफर्ड गाठा. निघण्याआधी उघडी आहे का, एवढं विचारून घ्या.