रानातला बोलका कोल्हा

लपंडाव कुणाला ठाऊक नाही? एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी लपायचे. हा झाला मुलांचा खेळ. पण युरोपात, आणि इतर पुष्कळ देशांत, मोठी माणसेही एक लपंडाव खेळतात. तो भर रानात चालतो. त्यात लपणारा माणूस नसतो. लपवलेली असते एक लहानशी पेटी. ती पेटी बिनतारी संदेश सोडते. खेळणारा हातातल्या रेडिओवर तो ऐकतो, आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखतो, आणि झाडाझुडपांतून पळत जाऊन पेटी गाठतो. त्या पेटीला ते लोक 'कोल्हा' म्हणतात. शिकार कोल्ह्याची, पण रक्त कुणाचेच सांडत नाही!

हा खेळ पोरखेळ नाही, बरे का. १९६१ साली स्वीडन देशात स्टॉकहोम येथे युरोपातली पहिली मोठी स्पर्धा झाली. १९८० साली पोलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. बायका, पुरुष, साठी ओलांडलेली माणसे, सगळे यात धावतात. वयाप्रमाणे त्यांचे गट पाडतात. म्हाताऱ्यांना कमी कोल्हे शोधावे लागतात. हा नियम मला फार आवडला.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओवरून दिशा कशी कळते? कानाला तर आवाज पेटीतूनच येतो. हे घरी करून पाहता येते. जुना ट्रान्झिस्टर घ्या. त्यावर मीडियम वेव्हचे एखादे लांबचे, बारीक आवाजाचे केंद्र लागते का पाहा. लागले तर रेडिओ उभा धरा आणि जात्यासारखा सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम पडेल. आणखी थोडा फिरवा, आवाज पुन्हा उठेल. असे का होते? रेडिओच्या आत एक काळी कांडी आडवी बसवलेली असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. केंद्राकडून येणाऱ्या लहरी ती कांडी झेलते. कांडीची कूस केंद्राकडे असली की लहरी चांगल्या झेलल्या जातात. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की झेल सुटतो, आणि आवाज पडतो. म्हणजे आवाज पडला त्या वेळी कांडी ज्या रेषेत आहे, त्याच रेषेत केंद्र आहे.

शोधणारा मोठा आवाज शोधत नाही, पडलेला आवाज शोधतो. मोठा आवाज पुष्कळ अंगांनी सारखाच मोठा लागतो. पडलेला आवाज मात्र एकाच नेमक्या जागी सापडतो.

पण एक अडचण राहिली. कांडीला टोके दोन. कोल्हा पुढे आहे की मागे? त्यासाठी खेळाडूच्या रेडिओला एक लहान उभी सळई जोडलेली असते. बटण दाबले की ती कामाला लागते. मग एका अंगाला आवाज मोठा आणि उलट अंगाला बारीक येतो. मोठा आवाज येईल तिकडे कोल्हा.

दिशा कळली, तरी अंतर कळत नाही. कोल्हा दोनशे पावलांवर असेल, नाहीतर दोन मैलांवर. अशा वेळी काय करावे? समजा, रात्री कुठेतरी ढोलकी वाजते आहे. तुम्ही वेशीवरून आवाजाच्या दिशेला बोट दाखवले. तुमच्या भावाने मळ्यातून दाखवले. दोन्ही बोटांच्या रेषा पुढे वाढवल्या, तर जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे ढोलकी. खेळाडू हेच करतो. त्याच्या हातात रानाचा नकाशा आणि होकायंत्र असते. एका जागेवरून तो नकाशावर एक रेषा काढतो. थोडे पळून दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा काढतो. रेषा छेदल्या की तिथे जायचे.

ही युक्ती खेळासाठी निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक समुद्रावर जर्मन पाणबुड्या बिनतारी यंत्रावर बोलत, आणि विरुद्ध बाजूची जहाजे अशाच रेषांवरून त्यांचा ठाव काढत. आज विमान कोसळले तर त्यातले एक यंत्र आपोआप हाका मारू लागते. शोधणारी माणसे जवळ आली की त्या हाकेची दिशा धरून ढिगाऱ्यापर्यंत पोचतात. कान तयार असलेली माणसे अशा वेळी उपयोगी पडतात. आणि कान तयार होतात ते खेळून.

रीतसर स्पर्धेत कोल्हे पाच असतात. पण ते सगळे एकदम बोलत नाहीत. पहिला एक मिनिट बोलतो आणि गप्प होतो. मग दुसरा, मग तिसरा. पाचव्याचे संपले की पुन्हा पहिला. म्हणजे प्रत्येक कोल्हा एक मिनिट बोलतो आणि चार मिनिटे मुका राहतो. त्यांची बोली मोर्सची, म्हणजे लांब आणि आखूड आवाजांची. आधी पाच लांब आवाज येतात, मग आखूड टिंबे. पहिल्या कोल्ह्याचे टिंब एक, दुसऱ्याची दोन, अशी पाचव्याची पाच. हे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. टिंबे मोजता आली की झाले.

खरी कसोटी त्या चार मुक्या मिनिटांत असते. कोल्हा बोलत होता तेव्हा तुम्ही दिशा धरली आणि पळत सुटलात. पन्नास पावलांवर आलात, आणि तो गप्प झाला! आता चार मिनिटे तिथेच थांबायचे की दुसऱ्या कोल्ह्याच्या मागे जायचे? जो उगाच इकडे तिकडे धावतो तो दमतो. जो नुसता उभा राहतो त्याचा वेळ जातो. सर्वांत जास्त कोल्हे गाठणारा पहिला. दोघांचे सारखे झाले तर ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. ठरलेल्या वेळेनंतर जो परतला, त्याचे सारे कष्ट फुकट.

हे झाले खेळणाऱ्याचे. पण अशी स्पर्धा भरवणे हे त्याहून मोठे काम आहे. इंग्लंडमधल्या एका रानाचे उदाहरण घेऊ. देशाच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचे जुने रान आहे. नावात 'न्यू' म्हणजे नवे, पण ते १०७९ सालच्या सुमारास विल्यम राजाने शिकारीसाठी राखून ठेवले. आज त्यातली सरकारी जमीन सरकारचे वनखाते पाहते. तिथे कुणीही फिरायला जावे, मनाई नाही. पण त्या रानावर आसपासच्या गावकऱ्यांचे जुने हक्क आहेत. आपल्या गायरानासारखेच समजा. त्यांची तट्टे आणि गुरे तिथे मोकळी चरतात. शरद ऋतूत डुकरे सोडतात. ती ओकच्या झाडाखाली पडलेली हिरवी फळे खाऊन टाकतात. ती फळे तट्टांना बाधतात, म्हणून डुकरांचाही उपयोग. गावकऱ्यांचे हक्क सांभाळायला पंच आहेत, त्यांची बैठक भरते. अशा रानात उद्या पन्नास माणसे कानाला यंत्र लावून धावणार, तर आधी कुणाला विचारायला हवे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

एकट्याने फिरायला परवानगी लागत नाही. स्पर्धा भरवायला लागते. अर्ज काही महिने आधी करायचा. त्यात दिवस, माणसे किती, मोटारी किती व कुठे उभ्या करणार, रानाचा कोणता भाग वापरणार, हे नकाशासह लिहायचे. अर्ज गुळमुळीत नसावा. 'काही लोक येतील' असे लिहिले की कचेरीतला माणूस साशंक होतो. 'पन्नास लोक, वीस मोटारी, सकाळी दहा ते दुपारी दोन' असे लिहिले की त्याला उत्तर देता येते. वनखाते मग सांगते, या भागात झाडतोड चालू आहे, तिकडे जाऊ नका. त्या माळावर वसंत ऋतूत पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तो भाग सोडा. ते मुकाट्याने मानावे. रान एकट्या आपले नाही.

बिनतारी संदेश सोडायलाही परवाना लागतो. तिकडे तो ऑफकॉम नावाचे सरकारी मंडळ देते. आपल्याकडे केंद्र सरकारचे दूरसंचार खाते देते, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. नुसते ऐकत धावणाऱ्याला तिकडे असा परवाना लागत नाही. पण कोल्हा ठेवणारी मंडळी परवान्याची असावी लागतात.

मग कोल्ह्यांच्या जागा ठरवायच्या. हे काम घरी नकाशावर बोट ठेवून होत नाही. पायी हिंडावे लागते. सुरुवातीच्या जागेपासून साडेसातशे मीटरच्या आत कोल्हा नको. दोन कोल्ह्यांत निदान चारशे मीटर अंतर हवे. तारेच्या कुंपणाजवळ किंवा विजेच्या तारांखाली ठेवू नये, कारण तिथे लहरी वाकतात आणि खेळाडूला खोटी दिशा दिसते. आणखी एक जात लहरींची असते, फार आखूड, दोन मीटर लांबीची. ती टेकडीवर आपटून परत येते, जशी घाटात आपली हाक परत येते. त्या लहरींवर स्पर्धा असली तर दरीत कोल्हा ठेवताना दहादा विचार करावा. कोल्हा अवघड असावा, पण लबाड नसावा. दलदल, जुना खड्डा किंवा मोटाररस्ता ओलांडून जावे लागेल अशी जागा तर नकोच नको.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच पेट्या ठेवून यायच्या. झाडावरून एक तार वर सोडायची, ते तिचे एरियल. शेजारी नारिंगी-पांढरे निशाण टांगायचे आणि खूण पटवायचे साधन ठेवायचे, म्हणजे खेळाडू तिथे खरोखर आला हे कळते. पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवायची : ही खेळाची पेटी आहे, धोका नाही, आज संध्याकाळी नेऊ, अमुक नंबरवर फोन करा. हे का? समजा, कुत्रा घेऊन फिरायला आलेल्या बाईंना झुडपात तारा लावलेली बेवारशी पेटी दिसली. त्या पोलिसांना बोलावणार, आणि त्यांनी बोलवावेच. एका चिठ्ठीने एवढा घोळ वाचतो. लिहिता-वाचता येण्याचा उपयोग कुठे कुठे होतो, पाहा!

खेळाडूंना निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगायच्या. गवतात गोचीड असते, तिच्यापासून तिकडे लाइम नावाचा ताप येतो. म्हणून पाय झाकून धावा आणि घरी गेल्यावर अंग तपासा. तट्टांच्या जवळून जाताना पळू नका. घोडेस्वार समोर आला तर थांबून वाट द्या. प्रत्येकाकडे शिट्टी हवी. संकटात एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. आणि सर्वांत मोठी गोष्ट : कोल्हा सापडो वा न सापडो, कंटाळून खेळ सोडलात तरी, शेवटच्या तंबूत येऊन नाव सांगितल्याशिवाय घरी जायचे नाही.

मी शाळेत होतो तेव्हा सहलीला निघताना आणि परतताना पोरांची डोकी मोजत असे. पोरे हसत. पण मोजल्याशिवाय गाडी हलत नसे. इथेही तेच.

समजा, चाळीस जण गेले. वेळ संपली. यादीवर एकोणचाळीस खुणा आहेत. एक नाव कोरे आहे. आता काय करायचे? घाईने माणसे रानात पाठवायची नाहीत, नाहीतर एकाचे चार हरवतील. आधी त्याची मोटार पाहायची. मोटार नसेल तर तो गुपचूप घरी गेला असेल, फोन करून खात्री करून घ्यायची. मोटार उभी असेल तर माणूस रानातच आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी निघतानाच मोटारीची किल्ली तंबूत ठेवून घेतात. किल्ली तिथेच असेपर्यंत तो परतलेला नाही, हे स्पष्टच असते.

मग परत आलेल्यांना विचारायचे, त्याला शेवटी कुणी पाहिले? कोणी म्हणतो, तिसऱ्या कोल्ह्याजवळ होता, लंगडत होता. तेवढ्यावरून शोधाची जागा ठरते. दोघादोघांच्या जोड्या करून, वाट आणि परतायची वेळ ठरवून पाठवायच्या. आणि शेवटच्या तंबूजवळ एक पेटी सतत बोलत असते, ती बंद करायची नाही. तो पाय मुरगळून बसला असेल, नकाशा हरवला असेल, पण कानाला यंत्र असेल तर तोच आवाज धरून तो हळूहळू परत येऊ शकेल. आवरायची घाई असलेला एखादा हौशी माणूस नेमकी तीच पेटी आधी बंद करतो. त्याला अडवायला शहाणा माणूस तंबूत बसवावा. अंधार पडण्याआधी माणूस मिळाला नाही तर पोलिसांना कळवायचे. लाज वाटून उशीर करायचा नाही.

सगळे परत आले, यादी पुरी झाली, म्हणजे मगच कोल्हे उचलायला जायचे. पाच ठेवले होते, पाचच मोजून आणायचे. झाडावरची तार, दोरी, निशाण, सारे काढायचे. तार राहिली तर एखाद्या वासराच्या पायात गुंतेल. वनखात्याला कळवायचे की सर्व माणसे बाहेर आली, काही मागे राहिले नाही. कोवळ्या झाडांची राखीव जागा कुंपणाने बंद केलेली असते. तिथून निघताना फाटक ओढून कडी घालायची, नाहीतर रात्री तट्टे आत शिरतील आणि रोपे खाऊन टाकतील.