आधी कागद, मग गाडी

(कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे नोकरीसाठी आखाती देशांत जातात. तेथे जुनी मोटारगाडी विकत घेताना कोणती कागदपत्रे पाहावीत आणि ती का पाहावीत, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मामू दुबईला नाहीतर शारजाला नोकरी करीत असतील. समजा, तुमच्या मामूंना कामावर जाण्यासाठी गाडी हवी आहे. नवी गाडी परवडत नाही, म्हणून ते जुनी घ्यायचे ठरवतात. दुबईत रास अल खोर येथे आणि शारजात सूक अल हराज येथे जुन्या गाड्यांचे मोठे बाजार आहेत. तेथे धुतलेल्या, पुसलेल्या गाड्या रांगेने उभ्या असतात. पण गाडी चकाकते म्हणून ती चांगलीच असेल का? आणि विकणारा गोड बोलतो म्हणून ती त्याचीच असेल का?

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांनी तेथे आपल्याच मुलखातल्या एका माणसाकडून गाडी घेतली. "भाईजान, आपल्या माणसांत कागद कशाला?" असे विकणारा म्हणाला. यांनाही कागद मागण्याची लाज वाटली. त्यांनी वर्षभराची बचत त्याच्या हातावर ठेवली आणि किल्ली घेतली. गाडी मात्र विकणाऱ्याच्याच नावावर राहिली. चार महिन्यांनी तो माणूस नोकरी सोडून मायदेशी निघून गेला. मग बँकेची माणसे आली. गाडीवर कर्ज होते आणि हप्ते थकले होते. गाडी गेली, पैसेही गेले. ते पैसे धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी होते. यांच्याजवळ दाखवायला लिहिलेली एक ओळही नव्हती.

असे तुमच्या मामूंचे होऊ नये, म्हणून पुढील गोष्टी नीट समजून घ्या.

संयुक्त अरब अमिरातीत गाडीच्या नोंदणीपत्राला 'मुल्किया' म्हणतात. हा शब्द ओळखीचा वाटला ना? उर्दूतील 'मिल्कियत' आणि मराठीतील 'मालक', 'मालकी' हे शब्द त्याच अरबी घराण्यातले आहेत. आपल्याकडे ज्याला आर.सी. बुक म्हणतात, तेच काम तेथे मुल्किया करते. त्यावर मालकाचे नाव, गाडीचा नंबर, नोंदणीची मुदत आणि चॅसिस नंबर असतो. मुल्कियावरील नाव आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्रावरील नाव एकच आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नाव दुसऱ्याचे असेल तर मुखत्यारपत्र मागावे. तेही नसेल तर तेथून सरळ निघून यावे.

यानंतर चॅसिस नंबर पाहावा. तो सतरा अंकाक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. मुल्कियावरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकेक अक्षर बोटाने दाखवून जुळवावा. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी व्यवहार थांबवावा.

तिसरी गोष्ट कर्जाची. गाडी बँकेकडे तारण असेल, तर तशी नोंद मुल्कियावर असते. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र मिळून ती नोंद निघाल्याशिवाय गाडी नव्या मालकाच्या नावावर होत नाही. आमच्या गृहस्थांनी मुल्किया एकदा उलटून पाहिली असती, तर त्यांची बचत वाचली असती.

चौथी गोष्ट दंडाची. तेथे रस्त्यांवर कॅमेरे असतात. वेग वाढला की दंडाची नोंद गाडीच्या नंबरावर होते. जुना दंड भरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून दंड किती आहे आणि तो कोण भरणार, हे आधीच ठरवावे.

पाचवी गोष्ट तपासणीची. दुबईत तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी सरकारमान्य केंद्रात तपासणी होते. ब्रेक, दिवे, टायर असे भाग तेथे पाहतात. पण गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, एवढेच ही तपासणी सांगते. इंजिन आणखी किती वर्षे चालेल, हे ती सांगत नाही. म्हणून गाडी आपल्या विश्वासाच्या मेकॅनिकलाही दाखवावी. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत अतिशय मोठा पाऊस झाला आणि अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. अशी गाडी बाहेरून धुऊन चकचकीत करता येते. पण गालिच्याखालचा चिखल, सीटखालचा गंज आणि कुबट वास सहसा लपत नाही.

सर्व ठीक असेल, तर मामूंनी स्वतःच्या नावाने विमा घ्यावा. मग दोघांनी मिळून गाडी नावावर करून घ्यावी. दुबईत हे काम २००५ साली स्थापन झालेल्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाकडे आहे. पूर्ण रक्कम त्याच वेळी द्यावी, आधी नाही. दिलेल्या रकमेची सहीची पावती घ्यावी.

आणखी एक सांगतो. तुम्हांला अरबी लिपी वाचता येते. तुमच्या मामूंनाही येत असेल. पण लिपी वाचता येणे वेगळे आणि भाषा समजणे वेगळे. न समजलेल्या कागदावर कधीही सही करू नये. जाणकाराकडून अर्थ विचारून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

कागद मागणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे, असे काहींना वाटते. मुलांनो, कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत सूरह बकरात आहे. मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण तीत आहे. लिहिलेला कागद घेणाऱ्याला सांभाळतो, तसाच देणाऱ्यालाही सांभाळतो. भांडण होण्याआधीच तो ते मिटवतो. खऱ्या माणसाला कागदाची भीती नसते.

तेव्हा उद्या मामूंचा फोन आला आणि "गाडी पसंत केली" असे ते म्हणाले, तर रंग कोणता, हे मागाहून विचारा. आधी विचारा, "मामूजान, मुल्किया कुणाच्या नावावर आहे?"

शब्दार्थ
तारण – कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू
मुखत्यारपत्र – दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार
थकणे – (येथे अर्थ) वेळेवर न भरले जाणे
कुबट – ओलसर, घाण वासाचा

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुल्किया म्हणजे काय?
(आ) चॅसिस नंबरात कोणती इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत?
(इ) पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखावी?
प्र. २. गृहस्थांची कोणती चूक झाली? तुमच्या शब्दांत चार-पाच ओळी लिहा.
प्र. ३. 'मालक' या शब्दाप्रमाणे अरबीतून मराठीत आलेले पाच शब्द शोधून लिहा.
प्र. ४. जुनी गाडी घेणाऱ्या मामूंना सावधगिरीच्या सूचना देणारे पत्र लिहा.