हरवलेली किल्ली

घराला कुलूप आहे आणि किल्ली सापडत नाही. आपण लगेच कुलूप फोडतो का? नाही. आधी खुंटी पाहतो, फळी पाहतो, घरच्यांना विचारतो. फोडणे हा शेवटचा उपाय.

राऊटरचेही तसेच आहे. राऊटर म्हणजे घरात इंटरनेट वाटणारी पेटी. पासवर्ड ही तिची किल्ली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कित्येक गावी मोबाइलची रेंज नीट मिळत नाही. तिथे ही पेटी फार कामाची.

आमच्या शेजारच्या काकूंकडे अशी पेटी आहे. मुलाने ती बसवली आणि तो पुण्याला नोकरीला गेला. पुढे जुना फोन फुटला. नवा फोन पासवर्ड मागू लागला. मुलाला तो आठवेना. धाकट्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. दोनच दिवस उरले होते.

"आता का करू जी?" काकू म्हणाल्या.

कोणी म्हणाले, "पेटी बंद करून चालू करा." पण वीज गेली-आली तरी पासवर्ड पुसला जात नाही. मग काय करावे?

पहिली गोष्ट. घरात दुसरा फोन पेटीला जोडलेला असेल तर तो पाहावा. बऱ्याच नव्या फोनांत वाय-फायच्या नावाखाली 'शेअर' असते. ते दाबले की ठिपक्यांचे चौकोनी चित्र दिसते. नव्या फोनने ते टिपले की काम झाले. काकूंकडे असा फोन नव्हता.

दुसरी गोष्ट. पेटी उलटी करावी. खालच्या चिठ्ठीवर मूळ पासवर्ड छापलेला असतो. शून्य आणि 'ओ' यांत गल्लत करू नये. काकूंनी एकेक अक्षर लावले. पण मुलाने पासवर्ड बदलला होता.

तिसरी गोष्ट. पेटीला बारीक भोक असते. तिथे 'रीसेट' लिहिलेले असते. पेटी चालू ठेवून आतले बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबावे. दिवे विझून पुन्हा लागतात. पेटी कोरी होते. मूळ पासवर्ड परत चालतो.

पण थांबा! कोरी पेटी कंपनीने दिलेले जोडणीचे नाव आणि पासवर्डही विसरते. मग इंटरनेटच बंद पडते. म्हणून आधी कंपनीला विचारावे. आम्ही चौकात रेंज धरून फोन लावला. नाव-पासवर्ड वहीत उतरवून घेतला. मगच टाचणी लावली. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले तसे ते पुन्हा भरले.

संध्याकाळी अर्ज गेला.

मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये. चिठ्ठी पाहील त्याला तो कळतो. काकूंनी नवा पासवर्ड ठेवला. आपल्या हाताने वहीत लिहिला आणि वही पेटाऱ्यात ठेवली.

मंडळी, आठवण दगा देते. आपल्याला आता लिहिता येते. मग लिहून का ठेवू नये?