हौदा आखूड का झाला?

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नजवळ सुतारकाम करतो. त्याला नवी पिकअप घ्यायची आहे. दोन माणसांची केबिन, मागे लांब हौदा, बाकी काही नको. पण शोरूममध्ये सगळीकडे चार दारांच्या, चामडी सीटच्या गाड्याच उभ्या आहेत म्हणतो. साधी हवी तर ऑर्डर द्या आणि थांबा, असं उत्तर मिळतं. पिकअपचा देश म्हणवणाऱ्या ऑस्ट्रेलियात असं का व्हावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या भाच्याची तक्रार रास्त आहे, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. तिकडे या गाडीला ‘यूट’ म्हणतात. तिच्या जन्माची गोष्ट फोर्ड कंपनी अभिमानाने सांगते. व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण आरेखकाने ती आखली आणि 1934 मध्ये ती विक्रीला आली. 1951 पासून होल्डन या मोटार कंपनीनेही यूट काढली. म्हणजे या गाडीची सुरुवातच कष्टकरी गिऱ्हाइकाच्या मागणीतून झाली. आज मागे पडलंय ते नेमकं हेच गिऱ्हाईक.

फोर्डची शेवटची फाल्कन यूट 2016 मध्ये कारखान्यातून बाहेर पडली, होल्डनची 2017 मध्ये. त्याच सुमारास त्या देशातला मोटार बनवण्याचा उद्योगच मिटला. या गाड्या कारच्या सांगाड्यावर बेतलेल्या असल्याने त्यांचा हौदा जमिनीपासून बुटका असे. सिमेंटचं पोतं गुडघ्यापेक्षा थोडं वर उचललं की काम झालं. आता बहुतेक यूट थायलंडहून येतात, आणि सर्वाधिक खपतात त्या उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह, चार दारांच्या. टोयोटाची हायलक्स 2016 ते 2022 अशी सलग सात वर्षं त्या देशातली सर्वाधिक खपाची गाडी होती. 2023 आणि 2024 मध्ये तो मान फोर्ड रेंजरने घेतला.

फरक कुठे पडतो ते हौद्यात पाहा. दोन दारांच्या यूटला मागे साधारण अडीच मीटर लांबीचा सपाट ट्रे बसतो आणि त्याचे तिन्ही फाळके खाली पडतात. आठ बाय चारची प्लायवूडची अख्खी शीट त्यावर आडवी मावते, फोर्कलिफ्टने बाजूनेही माल चढवता येतो. चार दारांच्या गाडीत मागच्या सीटने जागा खाल्लेली असते. हौदा उरतो दीड मीटरच्या आसपास, त्यातही दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत आलेले. शीट तिरकी ठेवायची, नाहीतर फाळका उघडा टाकून दोरीने बांधायची. वजनाचंही तेच. ऐंशी हजार डॉलरच्या वर किंमत असलेली रेंजर रॅप्टर पाऊण टनसुद्धा वाहत नाही. साध्या दोन दारांच्या कित्येक यूट सव्वा टनापर्यंत सहज जातात. जास्त पैसे मोजून कमी ओझं न्यायचं, हे सुताराला कसं परवडेल?

कंपन्या म्हणतात, लोकांना हेच हवंय. यात तथ्य आहे, पण अर्धंच. ही हौस वाढवण्यात तिथल्या करपद्धतीचा हात मोठा आहे. मुख्यतः माल नेण्यासाठी बनवलेल्या गाडीवर आलिशान कारचा कर लागत नाही. मालकाने नोकराला यूट दिली आणि खाजगी वापर मोजकाच असला, तर त्या सुविधेवरचाही कर माफ होऊ शकतो. ऑक्टोबर 2020 ते जून 2023 या काळात तर व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी खर्चात दाखवता येत होती. कारसाठी त्या रकमेला मर्यादा होती, मात्र एक टन किंवा अधिक भार वाहणारी गाडी त्या मर्यादेत येत नव्हती. मग कोण साधी घेईल? कामाच्या नावावर घरची मोठी गाडी मिळत असेल, तर लोक तीच घेणार. महागड्या मॉडेलवर नफाही जास्त, त्यामुळे विक्रेत्याच्या अंगणात तीच उभी.

कंपन्यांचा क्रमच पाहा. फोक्सवॅगनची दुसऱ्या पिढीची अमारोक तिथे आली ती फक्त चार दारांची. मित्सुबिशीची नवी ट्रायटन 2024 मध्ये आली, तीही आधी चार दारांची. दोन दारांच्या गाडीची पाळी मागून आली. कियाने आपल्या टास्मान यूटच्या वेळीही तेच केलं. शेतकरी आणि मिस्त्री मात्र तोवर जुनी गाडी ओढत राहतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, कारण ‘कणखर कामाची गाडी’ या ज्या प्रतिमेवर कंपन्या जाहिराती करतात, ती याच माणसांनी घाम गाळून कमावून दिली आहे.

2025 पासून तिथे नव्या गाड्यांच्या धुरावर सरासरीची मर्यादा आली आहे : मालवाहू गटाला किलोमीटरमागे 210 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, 2029 पर्यंत ती 110 वर यायची आहे. नियम गरजेचाच आहे. पण महागड्या हायब्रिड यूटमध्ये नव्या तंत्राचा खर्च पचतो, स्वस्त गाडीत तो टोचतो, आणि त्यामुळे साध्या मॉडेलवर आधी कुऱ्हाड पडण्याची भीती मला वाटते.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. तुमच्या तासगावची द्राक्षं ज्या बोलेरो पिकअपमधून जातात, तिच्यात दहा फुटी हौद्याचंही मॉडेल मिळतं, कारण इथे ती घेणारा तिच्यावरच पोट भरतो. हौसेची हायलक्स भारतात 2022 मध्ये आली, तीही फक्त चार दारांची.

भाच्याला सांगा, इसुझू डी-मॅक्स आणि महिंद्राची पिक-अप तिथे दोन दारांत विकल्या जातात. टोयोटाची लँडक्रूझर 79 सुद्धा, पण ती बरीच महाग. मागे नुसता सांगाडा असलेली ‘कॅब-चॅसी’ घेऊन ट्रे स्थानिक कारागिराकडून आपल्या मापाचा करून घ्यावा. फक्त ट्रेचं स्वतःचं वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं, तेव्हा ॲल्युमिनियमचा की लोखंडी हे आधी ठरवावं.