निर्वात नळ्यांस स्थिर दाबाचा पुरवठा

ग्रामोफोनच्या चुंबकीय पिकअपमधून निघणारा विद्युत्-संदेश अवघा ५ मिलिव्होल्टांच्या आसपास असतो. निर्वात नळ्यांचा प्रीअँप्लिफायर त्यास शेंकडों पटींनीं वाढवितो. पण पुरवठ्याच्या दाबांतील हेलकावे त्यांत मिसळले, तर तेहि वाढतात आणि गाण्यासवें गुणगुण ऐकूं येते. आजच्या ट्रान्झिस्टरच्या काळांतहि कित्येक ध्वनिप्रेमी ह्या नळ्या आवडीनें वापरतात. म्हणून असा पुरवठा कसा योजावा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

१२एएक्स७ जातीच्या दोन नळ्या घेऊं. दोघींस मिळून सुमारें ५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. घरांतील २३० व्होल्टांचा दाब ट्रान्सफॉर्मरनें २५० व्होल्ट करून रेक्टिफायरनें एकदिश केला, म्हणजे ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारें ३५० व्होल्टांपर्यंत भरतो. भार पडतांच दाब ३४० वर येतो. कंडेन्सर हा हौदच समजा: नळ थांबून थांबून आला तरी धार चालू राहते. तथापि पातळी खालवर होतेच. २० मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास ती सुमारें ४ व्होल्टांनीं हालते.

आतां ह्या हौदांतून अरुंद नळीनें दुसऱ्या हौदांत पाणी घ्यावें व त्यास ठराविक उंचीवर सांडवा ठेवावा. पाणी कमीअधिक आलें तरी पातळी बहुतेक तीच राहील. आमच्या योजनेंत ओए २ व ओबी २ ह्या वायूनें भरलेल्या नळ्या सांडव्याचें काम करितात. पहिली १५० व दुसरी १०८ व्होल्ट दाब राखते; एकापुढें एक जोडल्यास २५८ व्होल्ट होतात. मात्र त्यांतून ५ हून कमी किंवा ३० हून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जातां कामा नये.

अरुंद नळी म्हणजे रोध. ३४० तून २५८ वजा जातां ८२ व्होल्ट उरतात. भारास ५ व वायुनळ्यांस १५ मिळून २० मिलिअँपिअर धरल्यास रोध ४,१०० ओहम येतो. ८,२०० ओहमचे, ५ वॉटचे दोन रोध समांतर जोडावे.

येथेंच पुष्कळजण थांबतात. पण खरी परीक्षा पुढें आहे. विजेचा दाब शेंकडा १० उतरला, तर ३०६ व्होल्ट मिळतात आणि वायुनळ्यांस सुमारें ६.७ मिलिअँपिअर उरतात. तितकाच चढला, तर ३७४ मिळतात. तेव्हां भार काढून घेतला तरी प्रवाह सुमारें २८ वरच राहतो. दोन्ही टोंकांस मर्यादा पाळली गेली, म्हणून योजना पक्की.

उरलेली गुणगुण शमविण्यास पहिल्या ट्रायोडपूर्वीं १०,००० ओहमचा रोध व २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठेवावा. मोठा कंडेन्सर थेट वायुनळ्यांवर जोडूं नये. त्यानें त्या लुकलुकूं लागतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीज बंद केली तरी भरलेला कंडेन्सर प्राण घेऊं शकतो. म्हणून पहिल्या कंडेन्सरवर २,२०,००० ओहमचा, २ वॉटचा रोध कायम जोडावा. तो सुमारें एका मिनिटांत त्यास रिता करितो. तरीहि मीटरनें दाब शून्य झाल्याची खात्री केल्यावांचून आंत हात घालूं नये, आणि जाणत्या शिक्षकावांचून विद्यार्थ्यांनीं हें काम मुळींच हातीं घेऊं नये. पालकांनींहि ह्यावर लक्ष ठेवावें. चांगल्या दिवशीं कोणतेंहि यंत्र चालतें. हिशेब वाईट दिवसाचा करावा.