पडद्याचा पदभार

संगणकाची कळ दाबताच काही क्षणांत पडद्यावर एक बोधचिन्ह उमटते, पाठोपाठ एखादे लहानसे चक्र फिरू लागते आणि मग रंगीत चित्रांनी सारा पडदा उजळून निघतो. हे सर्व इतक्या सहजतेने घडते की, पाहणाऱ्याला त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. परंतु या अल्पशा अवधीत पडद्याचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात व दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेलेला असतो. हा पदभार कोण देतो, कोण घेतो आणि देताघेताना कोणती दक्षता बाळगावी लागते, ही हकिगत मोठी बोधप्रद आहे.

पडद्यावरील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या वापरातील एखाद्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविण्यास ४ बाइट लागतात असे धरले, तर एका चित्रासाठी ८२,९४,४०० बाइट इतकी जागा लागते. मेमरीच्या ज्या भागात ही नोंद ठेवलेली असते, त्यास फ्रेमबफर असे नाव आहे. चित्रे दाखविणारी यंत्रणा ही नोंद बहुधा दर सेकंदास ६० वेळा वाचते व पडद्याकडे धाडते.

ही यंत्रणा आज्ञाधारक खरी. पण तिला आज्ञा कशी द्यावी, हे प्रत्येक बनावटीगणिक निराळे असते. इंटेलच्या यंत्रणेची रीत एक, तर एएमडीची किंवा एन्व्हिडियाची दुसरी. ज्या प्रोग्रामला विशिष्ट यंत्रणेची रीत पूर्णपणे अवगत असते, त्यास ड्रायव्हर म्हणतात. आणि या सर्व ड्रायव्हरांवर देखरेख ठेवून संगणकाचा एकंदर राज्यशकट हाकते ती ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्स व विंडोज ही तिची दोन प्रसिद्ध उदाहरणे होत.

आता अडचण अशी की, संगणक सुरू होतो त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच जागी झालेली नसते. ती अद्याप डिस्कवर निद्रिस्त असते. अशा वेळी पडद्याचा पहिला कारभारी कोण? तो म्हणजे संगणकातच कायम वसलेला फर्मवेअर नावाचा प्रोग्राम. आजच्या बहुतेक संगणकांत यूईएफआय या पद्धतीचे फर्मवेअर असते. ते पडदा प्रकाशित करते, फ्रेमबफरसाठी जागा आखून देते आणि त्या जागेचा पत्ता, चित्राची रुंदी व उंची आणि रंगांची मांडणी यांची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वाधीन करते. त्यानंतर फर्मवेअरची चित्रविषयक सेवा समाप्त होते. कारभारी निवृत्त झाला, तरी त्याने आखलेली जागा मात्र तशीच राहते.

त्या जागेवर काम चालविण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम एक हंगामी ड्रायव्हर नेमते. विंडोजमध्ये असा मूलभूत ड्रायव्हर २०१२ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून आहे. लिनक्समध्ये ‘सिंपलडीआरएम’ या नावाचा ड्रायव्हर २०२१ साली समाविष्ट झाला. या हंगामी ड्रायव्हरला यंत्राच्या अंतरंगाचे ज्ञान नसते. मिळालेल्या चौकटीत रंग भरणे, एवढेच तो जाणतो. त्याला ठिपक्यांची संख्या बदलता येत नाही, की यंत्रणेचे वेगवान चित्रकौशल्य वापरता येत नाही. तथापि, तो जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालतो, हाच त्याचा मोठा गुण होय.

काही क्षणांनी त्या यंत्रणेचा खास ड्रायव्हर सिद्ध होतो आणि खरा कसोटीचा प्रसंग येतो. एकेरी लोहमार्गावर जुन्या पद्धतीत गाडीच्या चालकाला स्थानकावर टोकन मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. म्हणून समोरासमोर दोन गाड्या येण्याचा धोका टळे. पडद्याच्या यंत्रणेसही हाच नियम लागू आहे. समजा, नव्या ड्रायव्हरने फ्रेमबफरची जागा अन्यत्र हलविली व जुनी जागा दुसऱ्याच कामास लावली. पण जुना ड्रायव्हर मात्र तेथेच रंग भरत राहिला! मग चित्र विसकटते, दुसऱ्याची माहिती बिघडते आणि कधी कधी सारा संगणकच ठप्प होतो.

हा अनर्थ टाळण्यासाठी लिनक्समध्ये ठरलेली शिस्त आहे. हंगामी ड्रायव्हर आपण मेमरीची कोणती जागा वापरतो, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. खास ड्रायव्हर येताच तो आपल्या यंत्रणेच्या ताब्यातील जागा सांगतो. दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील, तर ऑपरेटिंग सिस्टीम हंगामी ड्रायव्हरला निरोप देते; जणू त्याचे यंत्रच कोणी उपसून काढले आहे, असे त्यास मानावे लागते. मात्र हातात घेतलेले लेखन त्याला पुरे करू दिले जाते. त्यानंतर कोणा प्रोग्रामने जुन्या वाटेने चित्र धाडण्याचा प्रयत्न केला, तर त्यास नकार मिळतो. मेमरीला धक्का लागत नाही.

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. पूर्वी लिनक्समध्ये अक्षरांचा पडदा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा चालवी, तर चित्रांचा पडदा ‘एक्स’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम थेट यंत्राला आज्ञा देऊन चालवी. एका घरात दोन धनी, अशी ती स्थिती! एका पडद्यावरून दुसऱ्याकडे जाताना चित्र लुकलुके; आणि चित्रांचा पडदा चालू असता गाभ्यात गंभीर बिघाड झाला, तर त्याचा संदेश वाचण्यासही मिळत नसे. २००९ साली लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत पडद्याची मांडणी गाभ्याच्याच हाती सोपविण्यास प्रारंभ झाला व ही अडचण हळूहळू दूर झाली.

आणखी एक संकट उरले होते. एएमडीच्या यंत्रणेचा लिनक्समधील ड्रायव्हर आरंभीच हंगामी ड्रायव्हरला निरोप देई व मग स्वतःच्या तयारीस लागे. यंत्रणा अगदी नवी असली व तिला लागणारी फाइल संगणकात नसली, तर हा नवा कारभारी काम सोडून देई. जुना गेलेला, नवा आलेला नाही! संगणक आतून चालू असे, पण पडदा गोठून गेलेला. वापरणाऱ्या मनुष्यास तर काय चुकले, हेही कळेना. पुढे या ड्रायव्हरच्या कामाचा क्रमच बदलण्यात आला. आवश्यक त्या फाइली आहेत की नाहीत, हे आधी पाहावे आणि खात्री पटल्यावरच हंगामी ड्रायव्हरला जाण्यास सांगावे, असा सुधारित क्रम ठरला.

पदभार परत देण्याचा प्रसंगही येतो. विंडोजमध्ये खास ड्रायव्हर थांबवून त्या जागी नवी आवृत्ती बसवावयाची असते, तेव्हा जाणारा ड्रायव्हर पडदा चालू स्थितीत ठेवतो आणि चित्राची मापे व फ्रेमबफरची माहिती मूलभूत ड्रायव्हरच्या हाती देतो. त्यामुळे मधल्या काळातही पडद्यावर चित्र दिसत राहते.

सारांश, पदभाराच्या या व्यवहारात तीन गोष्टींना महत्त्व आहे : एका वेळी एकच कारभारी असावा, येणाऱ्याने आपली सिद्धता आधी पाहावी, आणि जाणाऱ्याने हातचे काम पुरे करून सर्व नोंदी नीट सोपवाव्यात. हे तीन नियम पाळले गेले म्हणजे पाहणाऱ्याला केवळ उजळलेला पडदा दिसतो आणि त्यामागील देवघेव त्याच्या ध्यानातही येत नाही.

अभ्यास

१. फर्मवेअर आपला कारभार सोडताना कोणकोणत्या नोंदी ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वाधीन करते?
२. हंगामी ड्रायव्हरच्या मर्यादा कोणत्या? त्याचा मोठा गुण कोणता?
३. ‘एका घरात दोन धनी’ हे वाक्य पाठात कोणत्या स्थितीस उद्देशून आले आहे, ते स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पदभार, दक्षता, अवगत, सिद्धता.
५. वर्गाच्या मंत्रिमंडळातील जुना मंत्री नव्या मंत्र्यास काम सोपवीत आहे, अशी कल्पना करून दहा ओळी लिहा.